करिंथचं पत्र आणि परत पाठवलेलं ताट

लंडनबद्दल मला काही विचारू नका. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने होते आणि तीनही महिने पाऊस आणि उकडलेले बटाटे. परत आल्यापासून शाळेतल्या सगळ्याजणी राणीचा राजवाडा, राणीचा राजवाडा करून माझं डोकं खाऊन राहिल्या आहेत. राजवाडा बाहेरून पाहिला, मोठा आहे, झालं. मला सांगायचं आहे ते परतीच्या वाटेवरच्या पाच दिवसांचं. त्याच तिकिटावर अथेन्सला उतरून पुढचं विमान पाच दिवसांनी धरता येतं, हे कळलं तेव्हा मी वर्गात उभ्या उभ्या टाळी वाजवली होती. अथेन्सपासून करिंथ बसने जेमतेम दोन तास!

करिंथ म्हणजे प्रेषित पौलाने ज्या गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रं लिहिली ते गाव. मी नागपुरात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते आणि रविवारी आमच्या मंडळीतल्या बायकांचा बायबलचा वर्ग घेते. करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र इतक्यांदा शिकवलं आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण गाव काही पाहिलेलं नाही. आयुष्यभर किल्ल्यांचा इतिहास शिकवायचा आणि एकाही किल्ल्याची पायरी चढायची नाही, तसलाच प्रकार.

हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. खरं कारण एक ताट होतं.

आमचं घर नागपूरच्या नंदनवन वस्तीत. शेजारी कौसल्याताई, रामटेकजवळच्या खेड्यातल्या. तिथली धानाची शेती अजून त्यांचे दीर पाहतात. दोन्ही घरांमधल्या भिंतीत आम्ही एक लहानसं फाटक करून घेतलं होतं, कारण दिवसातून दहा वेळा रस्त्यावरून वळसा कोण घालणार? त्यांच्याकडून नव्या तांदळाचा वडाभात यायचा, आमच्याकडून नाताळचा केक जायचा. ताई देवाधर्माच्या कडक. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत, तेव्हा नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी पुरणाचा वाससुद्धा घ्यायचा नाही. सून आंबिलीच्या पातेल्यावर वाकली म्हणून त्यांनी तिला झापलेलं मी माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं आहे. पण फाटकातून आलेली वाटी कोणापुढे ठेवलेली होती, हे अकरा वर्षांत मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना टायफॉइड झाला. हे चित्रकलेचे शिक्षक, आधीच काडीसारखे, त्यात ताप उलटला. डॉक्टर माझ्याशी बोलताना खाली पाहू लागले. ताईंनी आम्हाला न सांगता नवस बोलला होता, मास्तर उठून बसले तर रामटेकचा गड अनवाणी चढीन. हे उठून बसले. ताई त्रिपुरी पौर्णिमेला गड चढल्या, आणि परत आल्या त्या घरात न जाता, धुळीच्या पायांनी, ताट घेऊन फाटकातून थेट माझ्या दारात. ताटात खोबरं आणि पेढे.

"रामापुढचं आहे वं रिबेका," त्या म्हणाल्या. "मास्तरले आपल्या हातानं चार."

नेमकी त्या दिवशी माझ्याकडे बायकांची प्रार्थनासभा. दहाजणी सतरंजीवर बसलेल्या आणि दहाही माझ्याकडे पाहून राहिलेल्या. मी म्हणाले, "मूर्तीपुढचं आम्हाला चालत नाही. आमच्या ग्रंथात लिहिलं आहे." ताटाला हातसुद्धा लावला नाही. ताईंनी ताटावर पदर घेतला आणि गेल्या. त्या दिवसापासून फाटकाची कडी तिकडून लागली ती लागलीच.

ग्रंथात लिहिलं आहे हे काही खोटं नाही. करिंथकरांच्या पत्रात पौलाने याच विषयावर पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि आमच्या मराठी बायबलात तिथे शब्दच 'नैवेद्य' असा आहे. त्यामुळे मराठी ख्रिस्ती बाईला तो भाग वाचताना शेजारणीचं ताटच दिसतं. मग मी बरोबर होते ना? असेन, तर दोन वर्षं मला माझ्याच अंगणात चोरासारखं का वाटत होतं? हे त्या गावात जाऊन पाहायचं होतं. जमलं तर काहीतरी हाताशी घेऊन त्या कडीपर्यंत परत यायचं होतं.

चुकीचं करिंथ

बस कालव्यावरून गेली तेव्हा मी खिडकीतून अर्धी बाहेर. दोन्हीकडे समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी, त्यात सुरीने कापल्यासारखा सरळ कालवा. पौलाच्या काळी तो नव्हता. तेव्हा एका समुद्रातून जहाजं आणि माल ओढत ओढत दुसऱ्या समुद्रात नेत. हे मी फळ्यावर कितीदा तरी काढलं आहे. माझी आकृती दर वेळी चुकीची होती, हे तिथे कळलं.

करिंथची पाटी दिसली आणि मी उतरले.  समुद्रकाठी जाऊन डोळे मिटून प्रार्थना केली, एका जुन्या वाटणाऱ्या खांबाचा फोटो काढला, आणि पौल पोटासाठी इथेच कुठेतरी तंबू शिवत बसला असेल म्हणून एका गल्लीत डोकावले, तर तिथे स्कूटर दुरुस्तीचं दुकान. कोपऱ्यावर एक म्हातारा शेगडीवर कणसं भाजत होता, अगदी आपल्यासारखी, फक्त लिंबू-तिखट नाही. त्याला माझ्या पुस्तकातलं करिंथच्या अवशेषांचं चित्र दाखवलं. त्याने कणीस खाली ठेवलं, हातवारे करून जमीन हलवून दाखवली, घरं पाडून दाखवली, आणि दूरच्या डोंगराकडे बोट केलं. मग माझी ट्यूब पेटली. हे भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव, दीडेकशे वर्षांपूर्वीचं. जुनं करिंथ त्या डोंगराच्या पायथ्याशी. म्हणजे मी पौलाच्या नावाने प्रार्थना केली ती मोटारस्टँडाच्या मागे. तो खांब एका बँकेचा निघाला. फोटो अजून आहे माझ्याकडे, मागाल तर दाखवीन.

जुनं करिंथ

जुनं करिंथ म्हणजे आता एक लहानसं खेडं. चौकात मोठाली झाडं, झाडाखाली खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे. बसलेल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत सगळी खेडी सारखीच. एलेनी नावाच्या एका विधवा बाईकडे खोली मिळाली. ती काही वर्षं ऑस्ट्रेलियात राहून आलेली, त्यामुळे इंग्रजी बोले आणि थांबतच नसे. साडीला तिने तीनदा हात लावून पाहिला. नवरा सोबत का नाही, मुलं किती, कपाळाला काही का लावत नाही, सगळं पहिल्या दहा मिनिटांत विचारून झालं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. लंडनमध्ये तीन महिन्यांत मला एकाही माणसाने मुलं किती म्हणून विचारलं नव्हतं.

जेवायला पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या दाण्यांच्या घेवड्याची उसळ, जाड पाव, ऑलिव्ह आणि खारट चीज. उसळ छान, पण तिखटाच्या नावाने शून्य. माझ्या पिशवीत भिवापुरी मिरचीच्या तिखटाची बाटली होती, तिनेच मला लंडनमध्ये जगवलं. ती काढली. यानी नावाचा एलेनीचा भाऊ जेवायला आला होता, तो तिथल्या म्युझियमचा रखवालदार. त्याने चमचाभर तिखट उसळीत टाकलं, मी नको नको म्हणत असताना. मग त्याच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या, आणि तो टेबलावर मूठ आपटत म्हणाला की हे उद्याही पाहिजे. त्या चमच्यापासून आमची मैत्री झाली आणि ती पुढे कामी आली.

दुसऱ्या दिवशी उघडण्याआधीच मी दारात. जुन्या देवळाचे सात खांब उभे आहेत, एकेक खांब एकाच दगडाचा. मागे भलामोठा डोंगर आणि त्याच्या डोक्यावर किल्ला. आपल्या रामटेकच्या गडाला एवढा उंच मोठा भाऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. बंदराकडून येणारा फरसबंदी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दुकानांच्या खोल्या आहेत. मी त्या रस्त्यावरून तीनदा चालले. चौथ्यांदा चप्पल हातात घेऊन चालले. कोणी पाहत होतं का माहीत नाही, पाहत असेल तर असो.

पुस्तकं वाचून जे कळत नाही ते तिथे अर्ध्या तासात कळतं. रोमन लोकांनी हे गाव एकदा बेचिराख केलं आणि शंभर वर्षांनी पुन्हा वसवलं. वसायला आले ते बरेचसे गुलामीतून सुटलेले, नशीब काढायला निघालेले लोक. दोन बंदरं, दोन समुद्रांचा माल, हर देशाचे खलाशी, हर देशाचे देव. पौल इथे दीड वर्ष राहिला, मंडळी जमवली आणि पुढे गेला. मग मागे भांडणं लागली आणि मंडळीने त्याला प्रश्न लिहून पाठवले. आपण वाचतो ते त्याचं उत्तर. प्रश्नांचं पत्र हरवलं आहे. मी वर्गात हे सांगत असे, पण त्या दुकानांच्या खोल्यांपुढे उभी राहिले तेव्हा मला ते प्रश्न ऐकू यायला लागले. खाटकाच्या दुकानातलं मांस सकाळी कुठल्या देवळातून आलं, हे विचारायचं का? शेजाऱ्याने जेवायला बोलावलं तर जायचं का?

कुलपातली खोली

तिसऱ्या दिवशी यानीने मला खुणेने म्युझियमच्या आतल्या अंगाला नेलं. एका खोलीला कुलूप होतं. ती सगळ्यांना उघडत नाहीत, पण भिवापुरी मिरचीसाठी उघडली. त्याने दिवा लावला आणि मी भिंतीला हात टेकला.

मातीचे पाय. फळ्यांवर ओळीने मांडलेले, खऱ्याएवढे पाय, हात, कान, डोळे, छात्या. गावाच्या कडेला बरं करणाऱ्या एका देवाचं देऊळ होतं. दुखणं घेऊन लोक तिथे यायचे आणि बरे झाले की जो अवयव बरा झाला तो मातीचा करून देवाला वाहायचे. एलेनी सोबत होती, ती यानीचं बोलणं मला इंग्रजीत सांगत होती. नवसच की हे. आपल्याकडे चांदीचे डोळे वाहतात ना, तस्सं.

मग ती दोघं मला बाहेर त्या देवळाच्या पडक्या जागेवर घेऊन गेली. तिथे लहान लहान खोल्या आणि प्रत्येकीत भिंतीलगत दगडी बैठका. या जेवणाच्या खोल्या. देवाला वाहून झालं की आप्तांना, शेजाऱ्यांना बोलावून इथे जेवण. पौलाच्या काळापर्यंत या खोल्या वापरात होत्या का, यावर पंडितांचा वाद आहे, ते मला माहीत आहे. पण अशी जेवणं या गावात होत, त्यांना देवळात जाऊन बसणारे ख्रिस्ती होते आणि ते पाहून हादरणारेही होते, हे तर पत्रातच आहे. मी एका बैठकीवर बसले आणि मांडीवर बायबल उघडलं. एलेनी म्हणाली, उन्हात बसू नको. मी बसले.

पौल तिथे काय करतो पाहा. मूर्तीत काही नाही हे त्याला ठाऊक आहे. बाजारातलं मांस न विचारता खा म्हणतो. कोणी जेवायला बोलावलं तर जे वाढतील ते न विचारता खा म्हणतो. पण समोरच्याने सांगितलंच की हे देवापुढचं आहे, तर खाऊ नका म्हणतो. म्हणजे अक्षराने पाहिलं तर मी बरोबरच होते, ताईंनी तोंडाने सांगितलं होतं. पण खाऊ नका ते कशासाठी? स्वतःच्या सोवळ्यासाठी नाही, समोरच्या माणसासाठी. माझं खाणं कोणाला ठेच लावत असेल तर मी ते सोडीन, असं म्हणणारा तो माणूस. आणि मी ते पत्र हातात घेऊन कोणाला ठेच लावली? जिने माझ्या नवऱ्यासाठी दगडांवरून अनवाणी पाय झिजवले तिलाच. मी मातीच्या पायांची ओळ पाहिली होती आणि मला फक्त धुळीने भरलेले ते दोन पाय दिसत होते. मी तिथे बसून रडले, भर दुपारी, चांगली हुंदके देऊन. एलेनीला वाटलं ऊन लागलं. तिने माझ्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला.

रविवार

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. एलेनी मला तिच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन गेली. तिच्या आईला जाऊन चाळीस दिवस झाले होते. आमच्या प्रार्थनामंदिरात भिंती कोऱ्या असतात. इथे इंचभर जागा मोकळी नाही, सगळीकडे संतांची चित्रं, समया, मेणबत्त्या. एका चित्राखाली दोऱ्याला पत्र्याचे लहान लहान पाय, डोळे, हात लटकवलेले. मी दोनदा पाहिलं. दोन हजार वर्षं झाली, देव बदलला, पण गावच्या लोकांनी नवस काही सोडला नव्हता.

प्रार्थना संपल्यावर दारात काळ्या कपड्यातली एक म्हातारी कागदाच्या पुड्या वाटत होती. माझ्यापुढे आली आणि तिने सरळ मूठभर हातावरच ठेवलं. उकडलेले गहू, त्यात साखर, मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे. मी ते घेतलं, डोळ्यांना लावलं आणि तोंडात टाकलं. असं गोड लागलं म्हणून सांगू. दुसरी मूठ मागायला हात पुढे केला आणि तेव्हा मला एलेनी दिसली. ती हरखून माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, ते सगळं माझ्या आईच्या नावाने संताच्या चित्रापुढे ठेवलं होतं, पाद्र्याने त्यावर प्रार्थना म्हटली. मग विचारलं, "असं घ्यायला तुला कोणी शिकवलं?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. उजवा वर, डावा खाली, ओंजळ केलेली. प्रभुभोजनाची भाकर आम्ही अशीच घेतो, पण डोळ्यांना नाही लावत. ते मी फाटकाच्या पलीकडे अकरा वर्षं पाहत आले होते. त्या पवित्र गावात, संताच्या चित्रापुढचं, न विचारता, कौसल्याताईसारखं घेतलं आणि खाल्लं. ना वीज पडली ना काही. मी एलेनीला म्हणाले, शेजारणीने शिकवलं. आणि बाजारातून किलोभर काळ्या मनुका घेतल्या, तिथल्या मनुका नावाजलेल्या आहेत.

नंदनवन

नागपूरला पोचले तेव्हा दिवाळी होऊन सहा दिवस झाले होते. हे म्हणाले, आराम कर. मी म्हणाले, आराम मेल्यावर. साडी बदलली, मनुकांची पिशवी घेतली आणि फाटकाला बंद कडी म्हणून रस्त्यावरून वळसा घालून ताईंच्या पुढच्या दारात गेले.  

ताईंनी दार उघडलं. "या बाई," म्हणाल्या. "बसा." बाई! रिबेका नाही, वं नाही.  लंडन कसं होतं, थंडी होती का, मास्तर आता बरे दिसतात, अशा गोष्टी झाल्या. जमवून ठेवलेलं सगळं भाषण मी विसरले. पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "आमच्या पौलानं जिथं देवाचं काम केलं, त्या गावाहून आणल्या. ताई, माझं चुकलं."

ताईंनी दोन्ही हात पुढे केले, पिशवी डोळ्यांना लावली, एक मनुका काढून तोंडात टाकली. कोणापुढे ठेवलं होतं का, काही विचारलं नाही.

मी म्हणाले, "विचारलं नाही तुम्ही?"

"देवाच्या गावाचं म्हणते न? मंग काय विचारायचं?"

मग त्या उठल्या आणि आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा हातात झाकणाचा डबा होता. तो माझ्यापुढे ठेवून त्या भिंतीकडे पाहून बोलायला लागल्या. "करंज्या आहेत, अन् अनारसे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी देवाले दाखवायच्या आधीच काढून ठेवले. कशापुढं ठेवले नाहीत. असं चालते न तुमच्या पुस्तकात?"

मला काही कळेना. जिच्या घरात नैवेद्याआधी पुरणाचा वास घ्यायची सोय नाही, ती ही बाई. मी विचारलं, यंदाच काढले का?

"दरवेळी काढते. महालक्ष्म्यांचं पण काढलं, दोन्ही साल. सून म्हणे, काहून पाप करून राहिल्या? म्हटलं, माझं पाप मी पाहीन. मास्तरच्या घरचं ताट वापस नाही आलं पाहिजे." मग हळूच म्हणाल्या, "तू आलीच नाही. मंग गाईले घातलं."

तिथे करिंथमध्ये दगडावर बसून मी पत्राचा अर्थ लावला म्हणून केवढी खूश होते. माझ्यासाठी आपलं सोवळं मोडायचं, हे ताई पत्र न वाचता दोन वर्षं करत होत्या.  मी म्हणाले, "पुढच्या साली पहिले देवाले दाखवा. माझ्यासाठी त्याले मागं ठेवू नका."

"अन् मंग तू खाशील?"

"मी विचारणार नाही."

 ताई पदराने डोळे पुसत हसल्या. "अन् मी सांगणार नाही वं, रिबेका."

आम्ही दोघी उठून मागच्या अंगणात गेलो. फाटकाची कडी गंजून घट्ट बसली होती. ताईंनी बत्ता आणून दिला, आणि एक करंजी तोंडात धरून मीच ती ठोकायला लागले.